पुराणकथांच्या ऑनलाइन वर्गासाठी रोजची नोंद आणि पूरक साहित्य : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पुराणकथा आणि कथाकथनाचा ऑनलाइन वर्ग नव्याने सुरू करणारे शिक्षक आपली सगळी तयारी त्या चाळीस मिनिटांसाठी करतात, आणि वर्ग संपल्यानंतर दुसऱ्या वर्गापर्यंत मुलांच्या मनात ती गोष्ट कशी टिकून राहील, याचा विचार बहुधा राहून जातो. शाळेतली मुले तास संपला तरी व्हरांड्यात, रिक्षात, डबा खाताना त्या गोष्टीबद्दल बोलत राहतात. ऑनलाइन वर्गात मात्र बटण दाबले की पडदा काळा होतो आणि मूल एकटे उरते. ही पोकळी भरण्याचे काम रोजची नोंद, म्हणजे रोज संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाणारा छोटा लेखी संदेश, करते. मी नाशिकमधून आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असा वर्ग घेते आणि त्या अनुभवावरून एक कसोटी ठरवली आहे. नोंद वाचल्यावर मुलाला घरातल्या कोणाला तरी काहीतरी सांगता आले पाहिजे. जी नोंद या कसोटीला उतरत नाही ती कितीही सुंदर लिहिलेली असली तरी मी पाठवत नाही. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळे या एका गोष्टीसाठी आहे.

आधी ठरवायच्या गोष्टी

वर्ग सुरू होण्याच्या आठवडाभर आधी पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करावा आणि त्यात संदेश पाठवण्याची मुभा फक्त अ‍ॅडमिनला ठेवावी. असे केले नाही तर चार दिवसांत सुप्रभाताच्या चित्रांखाली तुमची नोंद गाडली जाते आणि पालक ग्रुप म्यूट करतात. मुलांची उत्तरे, चित्रे आणि आवाजी संदेश घेण्यासाठी दुसरा ग्रुप किंवा गूगल क्लासरूम ठेवावे. झूमच्या मोफत खात्यावर चाळीस मिनिटांनी बैठक आपोआप संपते, म्हणून गोष्ट पस्तिसाव्या मिनिटाला पूर्ण होईल अशी आखणी करावी. शेवटची पाच मिनिटे नोंदीत काय येणार आहे हे तोंडी सांगायला लागतात, आणि ते सांगितले की मुले नोंदीची वाट पाहू लागतात.

वर्ग ध्वनिचित्रमुद्रित करायचा असेल, किंवा मुलांचे आवाज आणि छायाचित्रे ग्रुपवर ठेवायची असतील, तर प्रत्येक पालकाची लेखी संमती आधी घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकराचा चेहरा न विचारता चार ठिकाणी फिरवणे योग्य ठरले नसते.

नोंदीची वेळ एकच ठेवावी. माझी नोंद संध्याकाळी साडेसात वाजता जाते, कारण नाशिकमधल्या बहुतेक घरांत त्या वेळी शुभंकरोती झालेले असते, जेवण व्हायचे असते आणि मोठी माणसे घरी आलेली असतात. अमेरिकेतील मुले असतील तर त्यांना ती सकाळी मिळते. वर्ग नसलेल्या दिवशीही नोंद जावी, मात्र ती लहान असावी.

नोंदीची घडण

नोंद दीडशे शब्दांच्या आत बसली पाहिजे. मोबाइलवर एका दृष्टिक्षेपात, बोटाने वर न सरकवता, निदान तिचा निम्मा भाग दिसावा. तिच्यात पाच भाग असतात आणि त्यांचा क्रम रोज तोच राहतो, म्हणजे मुलाला कोणती ओळ कुठे शोधायची हे पाठ होते. प्रत्यक्षात ती कशी दिसते हे सांगण्यासाठी मागच्या हिवाळ्यात पाठवलेली एक नोंद जशीच्या तशी देते.

«आजची गोष्ट : अगस्त्य ऋषींच्या सांगण्यावरून राम, सीता आणि लक्ष्मण पंचवटीत आले. लक्ष्मणाने पर्णकुटी बांधली. थंडीच्या दिवसांत एका पहाटे तिघेही गोदावरीवर स्नानाला निघाले आणि वाटेत लक्ष्मण थंडीबद्दल बोलू लागला. धुक्याने झाकलेले रान, जवाची आणि गव्हाची शेते, आणि तहानेने व्याकूळ झालेला एक रानहत्ती. हत्तीने पाण्याला सोंड लावली, पण पाणी इतके गार होते की त्याने ती मागे घेतली.

कुठून घेतली : वाल्मीकी रामायण, अरण्यकांड, सर्ग १५ आणि १६.

आजचे शब्द : पर्णकुटी, हेमंत, दंव.

घरी विचारा : आजी-आजोबा लहानपणी थंडीत आंघोळीला कुठे जायचे? नदीवर, विहिरीवर की आडावर? पाणी कसे लागायचे?

सोमवारी : पर्णकुटीच्या दारात एक पाहुणी येणार आहे.»

या नोंदीतला हत्ती पाहा. वाल्मीकींनी या सर्गात थंडीच्या अनेक खुणा सांगितल्या आहेत आणि त्या सगळ्या नोंदीत भरण्याचा मोह होतो, पण मुलाच्या लक्षात राहील असे एकच चित्र निवडावे. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या घरात ऐकणाऱ्या मुलाला सोंड मागे घेणारा हत्ती लगेच समजतो. दुसऱ्या दिवशी एका मुलीने सांगितले की तिने सकाळी बादलीत बोट बुडवले आणि हत्तीसारखे मागे घेतले, आणि तिच्या आजोबांनी तिला रामकुंडावरच्या माघस्नानाची हकीकत सांगितली. नोंदीचे काम तिथे पूर्ण झाले होते.

‘आजची गोष्ट’ हा भाग वर्ग चुकलेल्या मुलासाठीही असतो, म्हणून तो पाच-सहा वाक्यांत स्वतंत्रपणे कळला पाहिजे. ‘आज आपण खूप मजा केली’ अशा वाक्यांनी कोणालाच काही मिळत नाही. शब्द तीनच द्यावेत आणि त्यांचे अर्थ नोंदीत न देता दुसऱ्या दिवशी मुलांकडूनच घ्यावेत. ‘घरी विचारा’ हा प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर गूगलवर सापडणार नाही आणि घरातल्या माणसाला मात्र सहज देता येईल. मला वाटते, सगळ्या नोंदीत हाच भाग सर्वांत जास्त वेळ मागतो. कित्येकदा बाकीची नोंद दहा मिनिटांत होते आणि या एका प्रश्नासाठी अर्धा तास जातो. शेवटची ओळ पुढच्या गोष्टीची उत्सुकता जागवते, पण तीत गोष्ट फोडायची नसते.

एका बैठकीत आठवड्याच्या सगळ्या नोंदींचा कच्चा मसुदा करून ठेवावा आणि वर्गानंतर त्यात फक्त त्या दिवशी मुलांनी विचारलेले किंवा सुचवलेले एखादे वाक्य घालावे. रोज रात्री कोऱ्या पानासमोर बसणारा शिक्षक तिसऱ्या आठवड्यात थकतो.

‘कुठून घेतली’ ही ओळ

नव्या शिक्षकांना ही ओळ अनावश्यक वाटते. मला ती नोंदीचा कणा वाटते. आपल्याकडे एकच गोष्ट वाल्मीकी सांगतात, एकनाथ महाराज भावार्थ रामायणात सांगतात, श्रीधरस्वामी रामविजयात सांगतात, कीर्तनकार आपल्या ढंगाने रंगवतात आणि आजी तिच्या आजीकडून ऐकलेली सांगते. या सगळ्यांना मान आहे, पण ते सगळे एकच नाहीत, आणि मुलाला हे लहानपणीच कळले तर पुढे कोणी वेगळी गोष्ट सांगितल्यावर ते गोंधळत नाही आणि भांडतही नाही.

सुरुवातीच्या वर्षी मी एका नोंदीत लक्ष्मणरेषेची गोष्ट लिहून खाली ‘वाल्मीकी रामायण, अरण्यकांड’ असे लिहिले. वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी शांतपणे फोन करून विचारले की कोणत्या सर्गात आहे ते सांगाल का. मी पुस्तक उघडून तो सगळा प्रसंग वाचला आणि रेषा कुठेही सापडली नाही, कारण वाल्मीकींच्या त्या प्रसंगात लक्ष्मण सीतेला वनदेवतांच्या हवाली करून जड पावलांनी निघतो आणि रेषेची गोष्ट नंतरच्या परंपरेतून आलेली आहे. त्याच संध्याकाळी मी दुरुस्तीची नोंद पाठवली आणि तेव्हापासून मूळ पान उघडल्याशिवाय संदर्भ लिहीत नाही.

यासाठी तीन साधे शब्दप्रयोग ठरवून घ्यावेत. स्वतः वाचून खात्री केली असेल तर ‘ग्रंथात आहे’ असे लिहून ग्रंथ, कांड किंवा पर्व आणि सर्ग किंवा अध्याय द्यावा. कीर्तनात, कहाण्यांत, लोकगीतांत ऐकलेले असेल तर ‘परंपरा सांगते’ असे लिहावे. एखाद्या जागेशी जोडलेली समजूत असेल तर ‘आपल्याकडे असे मानतात’ असे लिहावे. सिंहस्थाचेच, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्याचेच पाहा. २०२७ चा सिंहस्थ जवळ येत असल्याने मुले कुंभाबद्दल विचारणारच. महाभारताच्या आदिपर्वात समुद्रमंथनाची कथा विस्ताराने आहे, पण अमृताचे थेंब प्रयाग, हरिद्वार, उज्जैन आणि नाशिक या चार ठिकाणी पडले हे त्या कथेत नाही. म्हणून मंथनासाठी ‘ग्रंथात आहे’ आणि थेंबांसाठी ‘परंपरा सांगते’ असे लिहावे. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ येतो आणि गुरूला सूर्याभोवती फेरी पूर्ण करायला सुमारे बारा वर्षे लागतात, हे मात्र आकाशात दिसणारे आहे, आणि रात्री गुरू कोणता हे मुलांना गच्चीवरून दाखवता येते.

शूर्पणखेचा प्रसंग नाशिकच्या नावाशीच जोडला गेल्यामुळे येथे जपून लिहावे लागते. वाल्मीकी तिचे रूप रामाच्या अगदी उलट, कुरूप सांगतात, तर तुळशीदासांच्या कथेत ती सुंदर रूप घेऊन येते. दोन्ही रूपे शेजारी शेजारी ठेवून ‘तुम्ही गोष्ट सांगणार असाल तर ती दारात कशी येईल?’ असे विचारले, तेव्हा वर्गात झालेली चर्चा संपवण्यासाठी मला पुढच्या दिवसाची गोष्ट पुढे ढकलावी लागली. नाक कापण्याचा भाग आठ वर्षांच्या मुलांना सांगताना तपशिलात शिरू नये. त्या प्रसंगावर हसण्याची सवयही लागू देऊ नये.

महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची चिकित्सक आवृत्ती हा आधार धरावा. १९१९ मध्ये हाती घेतलेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले, आणि शेकडो हस्तलिखिते ताडून पाहून कोणता श्लोक किती जुन्या प्रतींत आहे हे तिच्यात नोंदलेले आहे. नाशिकमध्ये राहणाऱ्यांना १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय जवळ आहे. तिथे अर्धा दिवस बसून एका महिन्याचे संदर्भ काढून आणावेत.

पूरक साहित्य : गावाच्या मातीतून

पूरक साहित्य म्हणजे यूट्यूबच्या लिंकांची यादी नव्हे. आठवड्यातून एकच पूरक द्यावे, पण ते असे असावे की गोष्ट पडद्यातून निघून मुलाच्या ओळखीच्या जागेत येईल. नाशिकला राहणाऱ्याला या बाबतीत काही कमी नाही, आणि बाहेरगावच्या मुलांनाही ही ठिकाणे छायाचित्रांतून दाखवता येतात.

माझे सर्वांत आवडते पूरक पांडवलेण्यांचे आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्या डोंगरात चोवीस लेणी आहेत. नावामुळे मुलांना ती पांडवांनी वनवासात कोरली असे वाटते. नोंदीत स्पष्ट लिहावे की ‘पांडवलेणी’ हे लोकांनी दिलेले नाव आहे, लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत आणि डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी आहे. एवढे लिहून थांबले तर मुले हिरमुसतात, कारण त्यांना वाटते की पांडव गेले. तेव्हा त्यांना तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात न्यावे. तिथे गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा प्राकृत भाषेतील, ब्राह्मी लिपीत कोरलेला लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावी या तिच्या नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिने ते लेणे भिक्खूसंघाला दान दिले आणि आपला दिवंगत मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी कसा होता हे दगडावर लिहून ठेवले. त्याचा पराक्रम राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्यासारखा होता, असे त्या लेखात आहे. पुढे नहुष, ययाती, सगर, अंबरीष अशी पुराणांतली नावेही येतात.

मुलांना हे सांगताना मी थोडी थांबते. एक आई आहे, तिचा मुलगा आता नाही, ती बौद्ध भिक्खूंना लेणे देते आहे, आणि मुलाचे कौतुक करायला शब्द शोधताना तिला ज्या गोष्टी आठवतात त्याच आपण या वर्गात ऐकतो आहोत. त्या दिवशीचा ‘घरी विचारा’ असा होता : ‘तुमचे कौतुक करताना आई तुम्हाला गोष्टीतल्या कोणासारखे म्हणते?’ उत्तरांत भीम बरेच आले. जेवणावरून असावेत.

गौतम ऋषींची कथा सांगितल्यानंतर त्र्यंबकेश्वर आणि ब्रह्मगिरीचे पूरक द्यावे. दुष्काळात गौतमांनी पिकवलेले भात, मत्सरापोटी शेतात सोडलेली गाय, दर्भाच्या काडीने तिला हाकलताना झालेला तिचा मृत्यू, आणि त्या पातकाच्या निवारणासाठी केलेल्या तपाने गंगेचे गोदावरी म्हणून अवतरणे, ही कथा शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत आणि ब्रह्मपुराणाच्या गौतमी माहात्म्यात आहे. नदीला कुशांनी, म्हणजे दर्भाने, अडवले ते त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त कुंड, असे आपल्याकडे मानतात. कोणत्याही पूजासाहित्याच्या दुकानातून दर्भाची जुडी आणावी आणि कॅमेऱ्यासमोर धरावी. एवढ्या हलक्या काडीने काय घडले हे मुलांच्या डोळ्यांना दिसते, आणि नकाशावर पुढे १४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारी नदी बोटाने गिरवायला सांगितली की पुढचा अर्धा तास ती त्यातच रमतात.

काळाराम मंदिराच्या नोंदीत त्याची काळ्या दगडाची बांधणी आणि पंचवटीचे वर्णन तर यावेच, पण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रहही यावा. रामाच्या दारात माणसांना अडवले गेले होते, हे मुलांपासून लपवून त्या मंदिराची गोष्ट पूर्ण होत नाही. मोठ्या मुलांना मी हे शबरीच्या गोष्टीच्या आठवड्यात देते आणि प्रश्न त्यांच्यावर सोडते.

इगतपुरी तालुक्यातील टाकेद जटायूशी आणि त्र्यंबक रस्त्यावरचा अंजनेरी हनुमानाच्या जन्माशी जोडलेला आहे, हे ‘आपल्याकडे असे मानतात’ या शब्दांत द्यावे. जटायूसाठी राजा रविवर्म्याचे चित्र वापरता येते. त्याचे निधन १९०६ मध्ये झाले आणि आपल्या कायद्यात चित्रावरील हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे ते चित्र वापरण्यास मोकळे आहे. टीव्ही मालिकांतील दृश्ये आणि अलीकडच्या चित्रकारांची चित्रे परवानगीशिवाय घेऊ नयेत.

मुलांना सांगते करणे

वर्ग कथाकथनाचाही असल्याने आठवड्यातून एकदा मुलाने एक मिनिटाचा आवाजी संदेश पाठवावा, असा नेम ठेवावा. सुरुवातीला श्रावणातल्या कहाण्यांचा साचा द्यावा. ‘आटपाट नगर होते’ असे म्हणून सुरुवात केली की लाजरे मूलही पुढचे वाक्य बोलते, आणि ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हटले की कुठे थांबावे हे त्याला कळते. दोन महिन्यांनी नारदीय कीर्तनाची घडण सांगावी. पूर्वरंगात एक विचार, मध्ये नामगजर आणि उत्तररंगात त्या विचाराला धरून आख्यान. मोठी मुले यावरून पाच मिनिटांची गोष्ट बांधू शकतात.

आलेल्या प्रत्येक संदेशाला उत्तर द्यावे आणि ते नेमके असावे. ‘छान’ एवढेच लिहिल्याने मुलाला काही कळत नाही. ‘जटायू पडल्यावर तू क्षणभर गप्प राहिलास, ते मला आवडले’ असे लिहिले की पुढच्या वेळी तो मुद्दाम गप्प राहून पाहतो. वाचून दाखवणाऱ्या मुलाला हळूच कागद बाजूला ठेवायला सांगावे. पालक मागून सूचना करत असतील तर त्यांना स्वतंत्र फोन करून समजवावे, ग्रुपवर बोलू नये.

चूक, नागा आणि जपणूक

चूक झाली तर जुनी नोंद पुसून टाकू नये. नवी नोंद ‘दुरुस्ती’ या शब्दाने सुरू करावी, आधी काय लिहिले होते आणि आता काय आढळले ते दोन वाक्यांत सांगावे आणि चूक दाखवणाऱ्याचे, त्यांची हरकत नसेल तर, आभार मानावेत. वीज गेली, इंटरनेट बंद पडले किंवा तुम्हीच आजारी असाल तर साडेसातला एक ओळ तरी जावी. त्यासाठी कोणत्याही दिवशी चालतील अशा दोन-तीन नोंदी नेहमी तयार ठेवाव्यात. माझ्या राखीव नोंदींत एक कोडे, एक नकाशा आणि सप्तशृंगीच्या अठरा हातांतील आयुधे आठवून लिहिण्याचा खेळ आहे.

महिन्याच्या शेवटी सगळ्या नोंदी क्रमाने एका फाइलमध्ये उतरवाव्यात, दुरुस्त्या त्या त्या जागी लावाव्यात आणि पीडीएफ करून पालकांना पाठवावी. ‘घरी विचारा’ला आलेली उत्तरे मात्र मी वेगळ्या वहीत, मुलांची नावे न लिहिता, हाताने उतरवून घेते. आडावरची आंघोळ, बैलगाडीतून केलेली वणीची यात्रा, जात्यावर सीतेच्या ओव्या म्हणणारी पणजी, असे कितीतरी तिथे जमले आहे, आणि पुढच्या वर्षीचे निम्मे प्रश्न मी त्या वहीतूनच काढते.